तार वाजते की लाकूड?

'सीडर' हे एका झाडाचे नाव नाही. हिमालयातला देवदार आणि लेबनॉनच्या ध्वजावर मिरवणारे झाड हे खरे सीडर. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना 'सीड्रस' वंशात बसवतात. पण युरोपातले लोक अमेरिकेत जाऊन स्थिरावले, तेव्हा तांबूस, सुगंधी, सहज चिरले जाणारे आणि लवकर न किडणारे लाकूड दिसले की त्याला ते सीडर म्हणू लागले. त्यामुळे ज्याच्या पेन्सिली झाल्या तो 'पूर्वेकडचा तांबडा सीडर' प्रत्यक्षात जुनिपर आहे. कॅनडाच्या प्रशांत किनाऱ्यावरचा 'पश्चिमेचा तांबडा सीडर' म्हणजे 'थुया प्लिकाटा' हे सायप्रसच्या कुळातले झाड. आणि सिगारच्या पेट्यांना सुगंध देणारा 'स्पॅनिश सीडर' ना स्पेनचा, ना सीडर. तो मध्य व दक्षिण अमेरिकेतला 'सेड्रेला', महोगनीच्या कुळातला. आपला कडुनिंबही याच कुळातला. म्हणजे स्पॅनिश सीडरचे नाते देवदारापेक्षा आपल्या अंगणातल्या निंबाशी अधिक जवळचे.

आपणही नावांच्या बाबतीत फार काटेकोर आहोत असे नाही. मालाच्या खोक्यांच्या हलक्या पाइनच्या फळ्यांना मराठीत सर्रास 'देवदारी' म्हटले जाते. खऱ्या देवदाराचा त्यांच्याशी संबंध नसतो.

हा नामविचार मी ज्या प्रश्नापाशी नेऊ पाहतो आहे तो वरवर अगदी चिमुकला आहे: विजेवर चालणाऱ्या भरीव गिटारीचे धड सीडरचे का नसते? शास्त्रीय गिटारीची तबली सीडरची असते आणि ती नावाजलेली असते. मग भरीव गिटारीत हे लाकूड हौशी कारागिरांच्या आणि तुरळक प्रयोगांच्या पलीकडे का गेले नाही? याचे उत्तर शोधू लागले की नादाचे शास्त्र, कारखान्याचे अर्थकारण आणि जंगलांचे भवितव्य या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. आणि 'हे लाकूड गाते, ते गात नाही' अशी जी श्रद्धा वादकांच्या जगात घट्ट रुजली आहे, तिचा उगम कुठे आहे हेही कळू लागते.

पोकळाकडून भरीवाकडे

साध्या गिटारीत तारेचा आवाज मोठा करण्याचे काम लाकूड करते. तार स्वतः हवेला फारशी हलवू शकत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला आणि तबली हवेला. म्हणून तबली पातळ, हलकी आणि ताठ हवी. सतारीचेही तेच.

१९३० च्या दशकात पिकअप आला आणि हे गणित बदलले. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. तीच पुढे ध्वनिवर्धकात जाते. जॉर्ज बोशँप आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये बाजारात आणलेली, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार चक्क ओतीव ॲल्युमिनियमची होती. तिचा आकार पाहून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणू लागले. लाकडाच्या नावाखाली तिच्यात काहीच नव्हते, तरी ती वाजत होती. अडचण वेगळीच निघाली. रंगमंचावरच्या दिव्यांनी धातू तापून प्रसरण पावायचा आणि सूर हलायचे.

पोकळ गिटारीला पिकअप लावला की दुसरेच दुखणे सुरू व्हायचे. कर्ण्यातून आलेला आवाज पोकळ धडाला पुन्हा हलवायचा, ते धड तारांना हलवायचे आणि पाहता पाहता त्याची कर्कश शीळ व्हायची. ज्या गुणासाठी तबलीचे लाकूड निवडले जायचे, तोच आता दोष ठरला. लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवले आणि दोन्ही अंगांना गिटारीचे कापलेले अर्धे चिकटवले. हे अर्धे केवळ दिसण्यापुरते होते. गिटार म्हणजे तो ओंडकाच. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात दोदो आणि ओस्मार या दोन मित्रांनी त्याच दशकात याच त्रासावर तोच उपाय काढला. त्यांच्या वाद्याचे नावही बोलके होते: 'पाउ एलेत्रिको', विजेचा ओंडका. १९५० च्या कार्निव्हलमध्ये एका जुन्या फोर्ड गाडीवर बसून त्यांनी ते रस्त्यावर वाजवले, आणि तिथल्या उत्सवाचे रूपच त्यामुळे पालटले.

दोन खंडांवरच्या या माणसांना लाकडाकडून एकच अपेक्षा होती. त्याने गप्प राहावे.

खोक्याचे लाकूड आणि पहिली टेलिकास्टर

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नसे. त्याने १९४९ मध्ये भरीव गिटारीचा पहिला नमुना केला तो पाइनचा. १९५० मधल्या आरंभीच्या काही 'एस्क्वायर' गिटारींची धडेही पाइनचीच होती. पुढे हेच वाद्य 'ब्रॉडकास्टर' झाले आणि नावावरून दुसऱ्या कंपनीने हरकत घेतल्यावर १९५१ मध्ये 'टेलिकास्टर' झाले. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध भरीव गिटारीचा जन्म आपण ज्याला 'देवदारी' म्हणून हिणवतो, त्या जातीच्या लाकडातून झाला.

पाइनवर सहज खड्डे पडतात, म्हणून फेंडर अ‍ॅशकडे वळला. १९५६ च्या मध्यापासून त्याच्या 'स्ट्रॅटोकास्टर'ची धडे मुख्यतः आल्डरची होऊ लागली. अ‍ॅशच्या उघड्या रेषा बुजवायला वेळ आणि मजुरी लागते. आल्डरवर रंग पटकन बसतो. शिवाय आल्डर प्रशांत किनाऱ्यावर मुबलक आणि स्वस्त होता. ज्या गिटारींना फिकट पारदर्शक रंग द्यायचा, ज्यातून लाकडाच्या रेषा दिसणार, त्यांच्यासाठी मात्र अ‍ॅश चालू राहिला. रंगाने लाकूड ठरवले, कानाने नव्हे.

मिशिगनमधल्या कलमाझूच्या गिब्सन कारखान्याची परंपरा कोरीव मॅंडोलिनची. त्यांनी १९५२ च्या 'लेस पॉल' गिटारीत महोगनीच्या धडावर मेपलचा थर चढवला, आणि १९५८ मध्ये आफ्रिकेतल्या लिंबा लाकडाला 'कोरिना' हे व्यापारी नाव देऊन त्रिकोणी व नागमोडी गिटारी काढल्या. त्याच काळात डॅनइलेक्ट्रो ही कंपनी पाइनच्या चौकटीवर दाबीव लाकडाचे हार्डबोर्डचे पत्रे ठोकून स्वस्त गिटारी विकत होती. आज त्यांनाही संग्राहक जपतात.

१९५० ते १९५८ या अवघ्या नऊ वर्षांत कोणाच्या गोदामात काय होते, त्यावर चार-पाच लाकडे ठरली. त्या गिटारींवर पुढे अजरामर संगीत वाजले. श्रोत्यांनी ते संगीत आणि ते लाकूड यांची सांगड घातली, आणि सोय होती ती परंपरा झाली. माझ्या मते 'नादाचे लाकूड' या कल्पनेचा भरीव गिटारीपुरता उगम इथे आहे.

शेजारी दोन झाडे

आता सीडरकडे येऊ. गंमत अशी की फेंडरचा आल्डर आणि पश्चिमेचा तांबडा सीडर एकाच जंगलात शेजारी वाढतात. आल्डर तोडलेल्या मोकळ्या जागेत आधी उगवतो आणि लवकर म्हातारा होतो. किनाऱ्यावरचे लाकूडतोडे त्याला बराच काळ तण समजत. सीडर ६० मीटरपर्यंत उंच जातो आणि हजार वर्षांहून अधिक जगतो. हायडा आणि किनाऱ्यावरच्या इतर मूळ रहिवाशांच्या होड्या, घरे, स्तंभ आणि सालीची वस्त्रेही त्याचीच. १९८८ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने त्याला आपला राज्यवृक्ष मानले. नव्या वसाहतकारांनी मात्र त्यापासून मुख्यतः छपराची कौले आणि कुंपणाच्या फळ्या काढल्या.

तणाची गिटार झाली आणि राजवृक्षाचे छप्पर झाले!

वाद्यांच्या जगात सीडरला प्रतिष्ठा मिळाली ती माद्रिदमध्ये. होसे रामिरेस तिसरा या गिटारकाराने १९६० च्या दशकाच्या मध्यात शास्त्रीय गिटारीच्या तबलीसाठी पारंपरिक स्प्रूसऐवजी हा कॅनडाचा सीडर वापरायला सुरुवात केली. सेगोव्हियासारखा वादक रामिरेसच्या गिटारी वाजवत असल्याने नवे लाकूड मान्य व्हायला वेळ लागला नाही. स्प्रूसची तबली वाजवून वाजवून खुलते, सीडरची पहिल्या दिवसापासून बोलते, असे वादक सांगतात. याच गिटारींचा दांडा बहुतेकदा स्पॅनिश सीडरचा असतो: हलका, स्थिर आणि कोरायला सोपा. म्हणजे एकाच वाद्यात दोन 'सीडर', आणि दोघांत रक्ताचे नाते नाही.

मग भरीव गिटारीत अडले कुठे? आकडे पाहू. वाळलेल्या पश्चिमी सीडरचे वजन घनमीटरला साधारण ३७० किलो, पूर्वेकडच्या पांढऱ्या पाइनचे ४००, तांबड्या आल्डरचे ४५०, स्पॅनिश सीडरचे ४७०, होंडुरास महोगनीचे ५९०, तर कठीण मेपलचे ७०५. आल्डरचे धड दोन किलोचे असेल तर तेच सीडरमध्ये सुमारे १.६ किलोचे होईल. तासन् तास उभे राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला हे वरदान वाटेल. पण दांडा मेपलचा, त्याच्या टोकाला सहा धातूच्या खुंट्या. धड फार हलके झाले की पट्टा लावल्यावर दांडा जमिनीकडे झुकतो आणि डावा हात वाजवायचे सोडून तो सावरत बसतो.

दुसरी गोष्ट कठीणपणाची. लाकूडतज्ज्ञ ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती बळ लागते ते मोजतात. कठीण मेपलला १४५० पाउंड बळ लागते, आल्डरला ५९०, पश्चिमी सीडरला अवघे ३५०. नखानेही वळ उठावा इतके हे मऊ आहे. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलो भरतो. घोडीचे, पट्ट्याच्या खुंटीचे आणि दांडा धडाला धरून ठेवणारे स्क्रू अशा लाकडात दोन-चारदा काढले-बसवले की त्यांची पकड सुटते. शिवाय सीडरमधल्या द्रव्यांची साध्या लोखंडाशी गाठ पडली की काळेनिळे डाग पडतात.

तिसरी अडचण मजुरांची आहे, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. पश्चिमी सीडरच्या भुशात प्लिकॅटिक आम्ल असते. ब्रिटिश कोलंबियातल्या लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्यांना त्यामुळे दमा जडतो, हे वैद्यकात नीट नोंदले गेले आहे. एकदा शरीर संवेदनशील झाले की काम सोडल्यावरही अनेकांचा त्रास पूर्ण जात नाही. तबलीसाठी सीडरच्या पातळ फळ्या रंधायच्या, तर भुसा थोडा. भरीव धडात पिकअपचे खळगे कोरायचे, कडा गोलवायच्या, तर तो पोत्याने निघतो.

यांतल्या लाकूडकामाच्या अडचणींवर कारागिरांकडे उपाय आहेत. स्क्रूच्या जागी कठीण लाकडाच्या खुंट्या ठोकता येतात, वर मेपलचा पातळ थर देता येतो, दांड्याच्या टोकाला हलक्या खुंट्या लावता येतात. केन पार्करने १९९३ मध्ये आणलेल्या 'फ्लाय' गिटारीच्या एका प्रकारात धड स्प्रूसचे, म्हणजे असेच मऊ लाकूड होते. मागून कार्बन व काचेच्या तंतूंचे पातळ कवच देऊन त्याला बळ दिले होते. भुशासाठी खेचपंखा आणि मुखपट्टी लागते. पण हे सारे खर्चाचे. आल्डर हाताशी असताना कारखानदाराने हा खटाटोप का करावा? ब्राझीलमध्ये मात्र 'सेद्रो', म्हणजे सेड्रेला, हाताशी होता, म्हणून तिथल्या कारागिरांनी त्याची भरीव धडे सहज केली. त्या गिटारींना कोणी बेसूर म्हटलेले नाही.

म्हणजे सीडर मागे पडला तो मऊपणा, भुसा आणि गोदामातला साठा यांमुळे. कानाने त्याला नापास केल्याचे या इतिहासात कुठे दिसत नाही.

कान काय सांगतो

तरीही लाकडाचा आवाजावर काहीच परिणाम होत नाही, असे म्हणणे घाईचे ठरेल. पिकअप तारेचे कंपन टिपतो. पण तार दोन टोकांना बांधलेली असते, आणि ती टोके जितकी ऊर्जा शोषतील तितकी तार लवकर थांबते. जर्मनीतल्या हेल्मुट फ्लायशर आणि टिलमान त्स्विकर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून हे स्पष्ट झाले. गिटारीवर काही पडद्यांपाशी स्वर अकाली विझतो. वादक त्याला 'मेलेली जागा' म्हणतात. याचे कारण मुख्यतः दांड्याच्या डोलण्यात सापडले. धड जाड आणि आखूड. ते घोडीपाशी फारसे हलतच नाही. म्हणजे लाकूड महत्त्वाचे असेलच तर आधी दांड्याचे. धडाच्या लाकडाचा फरक त्यानंतरचा, आणि पिकअप किंवा ध्वनिवर्धक बदलल्याने जो फरक पडतो त्यापुढे तो फिका.

जिथे लाकूड खरोखर आवाज घडवते त्या साध्या गिटारीचा अनुभवही विचारात पाडणारा आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी करून घेतल्या. सगळे एकसारखे, फक्त पाठीचे व बाजूंचे लाकूड वेगळे: महागड्या ब्राझिली रोजवुडपासून स्वस्त लाकडापर्यंत. ५२ वादकांनी मंद प्रकाशात, डोळ्यांना काळे चष्मे लावून त्या वाजवल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: लाकडाच्या किमतीनुसार पसंती बदलत नव्हती. त्याच्या दीडशे वर्षे आधी, १८६२ मध्ये, आधुनिक गिटारीचा जनक मानला जाणारा आंतोनियो दे तोरेस याने पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या करून एक गिटार घडवली होती. आवाज तबलीत असतो हे त्याला दाखवायचे होते. लोकांनी गिटार जतन केली आणि पुठ्ठ्याचा धडा विसरले.

श्रद्धेची किंमत

या विसराची किंमत झाडांनी मोजली. १९९२ मध्ये ब्राझिली रोजवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आले. मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून नियंत्रित यादीत आहे. सेड्रेलाचा अमेरिकेतला सारा वंश २०२० मध्ये त्याच यादीत गेला. सिगारच्या पेट्या, फर्निचर आणि दांडे यांनी त्याची जुनी झाडे संपवत आणली होती. वाद्यांचा वाटा या सर्व लाकूडतोडीत लहान आहे हे खरे. पण 'याच्याशिवाय आवाजच नाही' ही भाषा वाद्यांच्या जगाने दिली.

या साखळीचे एक टोक आपल्याकडेही येते. ब्राझिली रोजवुड दुर्मीळ झाल्यावर १९६९ च्या सुमारास अमेरिकन गिटारकार भारतीय शिसवीकडे वळले. दक्षिणेतल्या जंगलांतल्या शिसवीच्या पट्ट्या गिटारींच्या दांड्यांवर चढल्या. २०११ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले तेव्हा प्रश्न भारतातून आलेल्या शिसवीचा आणि अबनूसाचा होता: अर्धवट घडवलेली पट्टी हा कच्चा माल की तयार वस्तू? २००९ च्या छाप्यात मादागास्करच्या अबनूसाचा प्रश्न होता. २०१२ मध्ये कंपनीने तीन लाख डॉलरचा दंड आणि ५० हजार डॉलरची देणगी देऊन प्रकरण मिटवले. २०१७ पासून शिसवीचा व्यापारही परवान्याखाली आला. तयार वाद्यांना २०१९ च्या निर्णयाने सूट मिळाली.

आणि अ‍ॅश? २००२ मध्ये मिशिगनमध्ये आशियातून आलेला हिरवा भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरत जातात. तेव्हापासून अमेरिकेतले कोट्यवधी अ‍ॅश मेले आहेत. फेंडर कंपनीने २०२० मध्ये जाहीर केले की नेहमीच्या उत्पादनात अ‍ॅश यापुढे नसेल. सत्तर वर्षांची 'परंपरा' एका किड्याने मोडली, आणि गिटारी वाजायच्या थांबल्या नाहीत.

म्हणून सीडरचा प्रश्न आज पुन्हा विचारण्याजोगा आहे. नवा सीडर तोडा, असे माझे म्हणणे नाही. कॅनडाच्या किनाऱ्यावरची हजार वर्षांची झाडे छपरांसाठीच पुरेशी तुटली आहेत. पण पाडलेल्या घरांची वासे-फळी, जुनी कुंपणे, गोदामांचे खांब यांतून निघणारे वाळलेले, स्थिर लाकूड फुकट जाते. त्याला वर कठीण लाकडाचा थर आणि स्क्रूंना आधार दिला, तर भरीव गिटारीला लागणारे सारे गुण त्यात आहेत. अट एकच: विकत घेणाऱ्याने नावावर कान ठेवू नये.

शेवटी मिरजेची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे घडतात. फरीदसाहेब सतारमेकरांपासून ही विद्या घराघरांत चालत आली. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड सागवान किंवा तून. रॉक्सबर्गच्या काळापासून वनस्पतिशास्त्रज्ञ बराच काळ या तुनीला 'सेड्रेला तूना' म्हणत. पुढे तिचा वंश वेगळा केला, तरी इंग्रजी लाकूडबाजारात ती अजूनही 'तांबडा सीडर' म्हणून ओळखली जाते. स्पॅनिश सीडरची ही आशियातली सख्खी चुलत बहीण.

तून हलकी, कोरायला मऊ, वाळल्यावर न वाकणारी. मिरजेच्या कारागिरांनी सागवानही वापरला आणि तूनही. त्यांतल्या एकालाच नादब्रह्म मानून दुसऱ्याला टाकले नाही. तबलीची जाडी कुठे किती ठेवायची, जवारी कशी काढायची यावर ते तास न् तास बोलतात. लाकडाच्या जातीवर थोडेच. गिटारीच्या जगाने सत्तर वर्षे ज्या प्रश्नावर वाद घातला, त्याचे उत्तर त्यांच्या कामात केव्हाचे आहे. गिऱ्हाइकाने लाकडाचे नाव विचारले, तर ते वाद्य पुढे करतात आणि म्हणतात, आधी छेडून बघा.